पौर्णिमेच्या आसपास उल्का मोजायच्या तर

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की मोबाईलवर बातमी फिरायला लागते: ‘आज रात्री ताशी दीडशे उल्का!’ ती वाचून टिळकवाडीतला किंवा वडगावातला एखादा माणूस शाल गुंडाळून गच्चीवर जातो. तासभर मान वर करून बसतो, सात-आठ ठिपके सरकलेले पाहतो, त्यातलं एक सांबऱ्याला उतरणारं विमान निघतं, आणि खाली येऊन घरच्यांना सांगतो, ‘कायसुद्धा नाही बघा, उगंच छापतात.’ त्यात दत्तजयंती जवळ आलेली असेल तर गच्चीवर जायचेही कष्ट कोणी घेत नाही. एवढं टिपूर चांदणं पडलंय, त्यात उल्का कुठल्या दिसणार?

दिसतात की. किती दिसतील, रात्री कुठल्या वेळी दिसतील आणि कुणीकडे तोंड करून बसायचं, हे आधी बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी लागणारं मुख्य साधन आपल्याकडे बहुतेकांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं. चांदण्याने उल्कावर्षाव बुडत नाही, कमी होतो. आणि किती कमी होतो हे चंद्र केवढा आहे यापेक्षा तो कधी आकाशात आहे यावर जास्त ठरतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागातल्या आकाशापुरता हा हिशोब मांडतो. थोडं गणित आहे, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

उल्का म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असतं, तेव्हा थोडक्यात. धूमकेतू सूर्याजवळून जाताना आपल्या वाटेवर धूळ सांडतो. पृथ्वी दरवर्षी ठरावीक तारखांना तो धुळीचा पट्टा ओलांडते आणि वाळूच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतचे कण प्रचंड वेगाने वातावरणात घुसतात. जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर ते जळून जातात, ती आपली उल्का. सगळे कण एकाच दिशेने समांतर येत असल्यामुळे त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर आकाशातल्या एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. तो उगमबिंदू. तो ज्या तारकासमूहात, त्याचं नाव वर्षावाला.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा मिथुन वर्षाव जरा वेगळा आहे. त्याचा जनक शेपटीवाला धूमकेतू नसून फेथॉन नावाचा खडकाळ लघुग्रह आहे. आयआरएएस या अवकाश दुर्बिणीने तो १९८३ साली शोधला. सूर्याभोवती त्याची फेरी जेमतेम दीड वर्षाची. या वर्षावातले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. ऑगस्टमधल्या ययाती (पर्सियस) वर्षावाचा वेग ५९ आणि नोव्हेंबरमधल्या सिंह वर्षावाचा ७१, त्या मानाने मिथुनेची उल्का सावकाश जाते. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत शेजाऱ्यालाही ती दिसण्याची थोडी आशा असते. चांदण्यात हा संथपणा फार कामाला येतो.

दीडशेचा आकडा कुठल्या आकाशाचा?

बातमीतला आकडा खोटा नसतो. तो तुमच्या गच्चीवरच्या आकाशाचा नसतो, एवढंच. त्याला झेडएचआर (झेनिथल अवर्ली रेट, म्हणजे माथ्यावरचा ताशी दर) म्हणतात. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, आणि नुसत्या डोळ्यांना ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत. ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. ६.५ म्हणजे आसपास कोसभर दिवा नाही, चंद्र नाही, हवा स्वच्छ, डोळे तरुण. अशी रात्र आपल्या जिल्ह्यात हल्ली कणकुंबी-जांबोटीकडेही मागून मिळत नाही.

खरा दर काढायला झेडएचआरला दोन कात्र्या लावायच्या. पहिली उंचीची. उगमबिंदू क्षितिजापासून जितका वर, तितक्या उल्का जास्त. त्यासाठी त्या उंचीच्या कोनाच्या साइनने गुणायचं. बेळगावचे अक्षांश जवळपास १६ अंश उत्तर, त्यामुळे मिथुनेचा उगमबिंदू आपल्याकडे रात्री अडीचच्या सुमाराला ७३ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ माथ्यावर येतो. साइन ०.९६. इथे आपलं काही जात नाही.

दुसरी कात्री आकाशाच्या उजेडाची, आणि चंद्राचा खेळ इथेच आहे. प्रत्येक वर्षावाचा एक गुणक असतो. मिथुनेचा सुमारे २.६. त्याचा अर्थ असा, की आणखी एक प्रत अंधूक दिसायला लागलं की दिसणाऱ्या उल्का २.६ पट होतात. उलट एक प्रत गमावली की २.६ ने भागायचं, दोन प्रती गमावल्या की दोनदा भागायचं. भात चाळताना चाळणीची भोकं मोठी केली की कणी खाली पडते आणि अख्खा तांदूळ वर राहतो, तसं चांदणं करतं: बारीक उल्का गाळून टाकतं, ठळक ठेवतं. मुळातच बारीक उल्का संख्येने फार, म्हणून एकूण आकडा धाडकन खाली येतो. पण रात्रीतली सगळ्यात तेजस्वी उल्का, जिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी आपण बोलतो, तिला चंद्राने फारसा फरक पडत नाही. शुक्राएवढी झळाळणारी उल्का पौर्णिमेलाही शुक्राएवढीच झळाळते.

आता प्रत्यक्ष आकडे. खानापूर तालुक्यातलं आडबाजूचं गाव, चंद्र नाही, ६ प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत: ऐन रात्री मिथुनेच्या ताशी ८९ च्या आसपास उल्का. तेच गाव, पौर्णिमा, ४.५ पर्यंतचे तारे दिसताहेत: २१. बेळगाव शहर, चंद्र नाही, पण रस्त्यावरच्या दिव्यांमुळे ४.५ पर्यंतचेच तारे: परत २१. शहर आणि वर पौर्णिमा, ३.५ पर्यंतचे तारे: ८.

हे चार आकडे मला अख्ख्या विषयाचं सार वाटतात. खानापूरच्या शिवारातली पौर्णिमेची रात्र आणि बेळगावातली अमावास्येची रात्र यांत उल्कांच्या हिशोबाने फरक नाही. शहरातला माणूस वर्षाचे बाराही महिने कृत्रिम पौर्णिमेतच राहतो. चंद्राला शिव्या देतो, पण दारातल्या एलईडीकडे बघत नाही. आणि गावातल्या माणसाला पौर्णिमेलासुद्धा तीन मिनिटांत एक उल्का मिळते. हे कमी आहे असं मला तरी वाटत नाही.

हे आकडे झेडएचआर १५० धरून, महत्तम काळाचे, म्हणजे वर्षाव ऐन भरात असतानाचे, आणि मोकळ्या आकाशाचे आहेत. पाव आकाश माडांनी किंवा शेजारच्या तीन मजल्यांनी झाकलं असेल तर त्या प्रमाणात वजा करा. एक दिवस आधी किंवा नंतर बसलात तर बरंच कमी धरा. उल्का घड्याळ लावून येत नाहीत हेही लक्षात ठेवायचं: पाच मिनिटांत चार येतात आणि मग अर्धा तास काही नाही.

चांदण्यात आकाश उजळतं ते का?

चंद्र स्वतःच्या जागी असतो, मग दुसऱ्या टोकाचं आकाश का उजळतं? दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. हवेचे रेणू प्रकाश सगळीकडे विखुरतात. पौर्णिमेच्या आकाशाचा फोटो कॅमेऱ्याला जास्त वेळ उघडं ठेवून काढला तर आकाश चक्क निळं येतं. आपल्या डोळ्यांना त्या मंद उजेडात रंग कळत नाही, एवढंच. रेणूंनी विखुरलेला प्रकाश चंद्रापासून काटकोनात, म्हणजे ९० अंशांवर, सगळ्यात कमी असतो. धूळ, धूर आणि दवाचे थेंब मात्र वेगळे वागतात. ते मोठे असल्याने प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, म्हणून चंद्राभोवती दुधाळ वलय धरतं.

आपल्याकडे डिसेंबरात ही दुसरी भानगड मोठी आहे. उसाचा हंगाम असतो, कारखाने रात्रंदिवस चालू असतात, गुऱ्हाळांचा धूर असतो, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलेलं असतं. निपाणी-चिकोडी-गोकाक पट्ट्यात हा धूर वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत साचून राहतो. पश्चिमेला खानापूरकडे धूर कमी, पण पहाटे धुकं. अशा हवेत अर्धा चंद्रही पौर्णिमेएवढा त्रास देतो, आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर पौर्णिमासुद्धा सोसते. म्हणून बसण्याआधी एक सोपी परीक्षा करा. हात लांब करून अंगठ्याने चंद्र झाका. अंगठ्याच्या अगदी कडेपर्यंत आकाश काळसर निळं असेल तर हवा चांगली. अंगठ्याभोवती पांढरट फासल्यासारखं दिसलं तर त्या रात्री फार अपेक्षा ठेवू नका. चंद्राला लांबवर मोठं खळं पडलं असेल तर वर बर्फकणांच्या पातळ ढगांचा थर आहे. तारे दिसत असले तरी बारीक उल्का त्यात गुडुप होतात.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं. तो साधारण दहावा भाग असतो. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरपं पडतं, डोंगर, विवरं आणि मातीच्या कणाकणाच्या सावल्या आपल्याला दिसतात, त्यामुळे उजेडाचा भागही मंद असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असल्यासारखा असतो, सावल्या त्या-त्या वस्तूमागे लपतात आणि चंद्र एकदम पेटतो. तेव्हा अष्टमी-नवमीला ‘चंद्र आहे’ म्हणून घरात बसणं म्हणजे निव्वळ आळस.

शुद्ध आणि वद्य यांतला फरक

आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि उपास धरणाऱ्या घरात ती सगळ्यांना ठाऊक असते: नऊच्या आगेमागे. म्हणजे वद्य चतुर्थीला चंद्र नऊच्या सुमाराला उगवतो. तिथून पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशीर धरायचा. वद्य अष्टमीला मध्यरात्र, वद्य एकादशीला रात्रीचे अडीच-तीन. शुद्ध पक्षात उलटं: चंद्र संध्याकाळी आकाशात असतोच, आणि मावळायला रोज तेवढाच उशीर करतो. शुद्ध पंचमीला दहाच्या आसपास मावळतो, अष्टमीला मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने, द्वादशीला पहाटे साडेतीन-चारला. ऋतूप्रमाणे यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण रात्रीचा बेत आखायला एवढं पुरतं.

बहुतेक वर्षाव मध्यरात्रीनंतर चांगले दिसतात. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेने धावते, त्या दिशेला आपली बाजू पहाटेकडे वळलेली असते आणि कण समोरून अंगावर येतात. मग बघा: शुद्ध अष्टमी आणि वद्य अष्टमी, दोन्हीचा चंद्र सारखाच अर्धा. पण शुद्ध अष्टमीचा चंद्र कामाच्या वेळेआधी निघून जातो, आणि वद्य अष्टमीचा नेमका कामाच्या वेळेला हजर होतो. अगदी शुद्ध द्वादशी-त्रयोदशीलाही चंद्र मावळल्यावर उजाडेपर्यंत तास-दीड तास पूर्ण काळोख मिळतो. ‘पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उल्का’ ही बातमी वाईट नाही, ‘पौर्णिमेनंतर चार दिवसांनी’ ही जास्त वाईट.

मिथुन वर्षाव इथेही जरा उदार. त्याचा उगमबिंदू आपल्याकडे रात्री आठच्या आतबाहेरच उगवतो, त्यामुळे मुलांना झोपवायच्या आधीही काही उल्का दाखवता येतात. उगमबिंदू क्षितिजालगत असताना संख्या कमी असते, पण ज्या येतात त्या वातावरणाला तिरप्या घासत अर्ध्या आकाशातून जातात. वद्य पक्षात चंद्र उगवायच्या आधी हा तुकडा हाताशी असतो, तो सोडू नये.

कुठल्या वर्षी काय, हेही तिथीवरून निघतं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा जवळपास अकरा दिवसांनी लहान, म्हणून त्याच इंग्रजी तारखेला पुढच्या वर्षी साधारण अकरा तिथी पुढे सरकलेल्या असतात. २०२४ च्या १४ डिसेंबरला चंद्र पौर्णिमेच्या उंबरठ्यावर होता. वर्षाव आणि दत्तजयंती एकत्रच. २०२५ ला वद्य नवमी-दशमी, म्हणजे मध्यरात्र बऱ्यापैकी उलटेपर्यंत काळोख. २०२६ ला १४ तारीख चंपाषष्ठीच्या ऐन तोंडावर येते: चंद्र कोवळा, दहा-अकराला मावळणारा, आणि पुढची अख्खी रात्र मोकळी. २०२७ ला १३ डिसेंबरलाच पौर्णिमा. आणि एकोणीस वर्षांनी तिथी-तारखांची जोडी जवळपास जशीच्या तशी परत येते, म्हणून २००८ च्या १२ डिसेंबरलाही पौर्णिमाच होती.

पौर्णिमेच्या वर्षी मिथुनेची एक खास अडचण आहे. मार्गशीर्षातला पूर्ण चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो, म्हणूनच तो मार्गशीर्ष. आणि मिथुन राशी मृगाला लागूनच. म्हणजे वर्षाव पौर्णिमेला आला की चंद्र उगमबिंदूपासून जेमतेम तीस अंशांवर येऊन बसणार, हे ठरलेलंच. ययाती वर्षावाच्या बाबतीत तसं नसतं, श्रावणी पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे असतो आणि उगमबिंदू उत्तरेला.

पण ययाती वर्षावाचा आपल्याला उपयोग काय? जगभर त्याची जाहिरात असते, १२-१३ ऑगस्ट, ताशी शंभर. त्या दिवसांत खानापूर-कणकुंबीकडे छत्री उलटी होईल असा पाऊस आणि बेळगावात दिवस-दिवस सूर्य नाही. शिवाय त्याचा उगमबिंदू इतका उत्तरेला, की आपल्याकडे रात्री साडेदहाला उगवतो आणि पहाटे चारलाही चाळीस अंशांपर्यंतच येतो. युरोप-अमेरिकेतले लोक त्याला वर्षातला सर्वांत चांगला वर्षाव म्हणतात, म्हणू देत. ऑक्टोबरच्या २१-२२ तारखेचा मृग वर्षाव हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीचा. परतीचा पाऊस सरला असेल तर आणि कोजागरी लांब असेल तर तो बघण्याजोगा, पण ताशी वीसच्या पुढे अपेक्षा नको. २०२१ ला तो कोजागरीवरच येऊन आदळला होता. मे महिन्याच्या ५-६ तारखेचा कुंभेतला वर्षावही हॅलेचाच. पहाटे तीन ते पाच एवढाच त्याचा वेळ, आणि वळवाच्या ढगांनी तो दिला तर. बेळगावकराने वर्षातली एकच रात्र जागायची असेल तर ती डिसेंबरातली.

बसायचं कसं

पहिला नियम: चंद्र डोळ्यांना दिसता कामा नये. आपले डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि चंद्राकडे एकदा बघितलं की तो सराव बराचसा मोडतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, जिन्याच्या खोलीच्या भिंतीआड बसा, शेतात असाल तर आंब्याच्या किंवा गवताच्या गंजीच्या सावलीत. मोबाईलचं तसंच. चंद्र टाळून मोबाईल बघणाऱ्याला काय सांगायचं?

दुसरा: उगमबिंदूकडे बघत बसू नका. उल्का आकाशात कुठेही उमटतात. उगमबिंदूजवळच्या आखूड असतात, लांबच्या लांबलचक. चंद्राकडे पाठ करायची, आणि नजर क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपास ठेवायची. मिथुन वर्षावाच्या पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावरच असतो, तेव्हा सगळं आकाश सारखंच फिकट. ती वेळ चहाला द्या. मला विचाराल तर पौर्णिमेच्या वर्षी पहाटे साडेतीनला उठणं सर्वांत शहाणपणाचं. चंद्र पश्चिमेला कलू लागलेला, सप्तर्षी ईशान्येला चांगले वर, मिथुनेचा उगमबिंदू अजून उंचावरच. पश्चिमेकडे पाठ करून सप्तर्षींकडे तोंड करून पडायचं. आरामखुर्ची असेल तर उत्तम, नाहीतर चटई. उभं राहून मान वर करणारा पंधरा मिनिटांत हरतो. थंडी हवेतल्या आकड्यापेक्षा जास्त बोचते, कारण आपण हलत नाही. कानटोपी, घोंगडं. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावांत असाल तर एकट्याने माळावर जाऊ नका. गवे आणि अस्वलं तिथे खरोखरच आहेत, आणि गावच्या माणसाला सांगून गेलं की बॅटरी मारत कोणी चौकशीलाही येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते: त्या रात्रीचं आकाश मोजायचं. वर केलेला हिशोब कितपत लागू पडतो हे कळायला आपल्याला कितव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत ते माहीत हवं, आणि त्यासाठी मीटर लागत नाही. सप्तर्षीत सहा तारे साधारण सारखे, सातवा अत्री मंद, त्याची प्रत ३.३. तो सहज दिसला तर निदान तेवढं आकाश आपलं. मग वसिष्ठ बघा आणि त्याला खेटून अरुंधती. ती ४.० प्रतीची. लग्नात भरदुपारी भटजींनी दाखवलेली आणि कोणालाच न दिसलेली अरुंधती इथे खरोखर उपयोगाला येते: चांदण्यात ती वेगळी दिसली तर आकाश ४ च्या पुढचं. वसिष्ठाच्या उजेडात ती थोडी झाकोळते, तेव्हा जरा टक लावावी लागते. संध्याकाळी बसणार असाल तर कृत्तिका. चार तारका सुटसुटीत दिसल्या तर ३.९ च्या आसपास, सहा दिसल्या तर ४.३. मृगाच्या डोक्यावरचा तीन ताऱ्यांचा बारका त्रिकोणही चांगला, त्यातला सर्वांत मंद ४.४ चा, पण मार्गशीर्षी पौर्णिमेला चंद्र त्याच्याच उशाशी असतो, त्यामुळे त्या रात्री तो बाद.

नोंद अशी ठेवायची: सुरुवात-शेवटाची वेळ, दर अर्ध्या तासाने दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत, किती आकाश झाकलेलं, आणि प्रत्येक उल्केसाठी दोन गोष्टी. मिथुनेची की भटकी? तिची रेषा मागे वाढवल्यावर पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टरपाशी जाते का ते पाहायचं. तेज किती? रोहिणीएवढी असेल तर १, ध्रुवताऱ्याएवढी असेल तर २. कागदावर लिहायला नजर खाली जाते, म्हणून मोबाईलवर आवाज मुद्रित करायला लावून तो पालथा ठेवा आणि बोलत राहा. सकाळी उतरवून घ्या. मध्ये चहाला उठलात तर ती मिनिटं वजा.

एक चूक आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर दिसते. पाच जण गच्चीवर बसतात आणि सकाळी संदेश येतो: ‘आम्ही मिळून साठ पाहिल्या.’ त्यातल्या निम्म्या एकमेकांच्याच असतात. पाच जण असतील तर पाच वह्या. कोणी ‘ती बघ’ म्हटल्यावर मान वळवून पाहिलेली उल्का आपल्या वहीत धरायची नाही. मजेसाठी बघत असाल तर हे काही नको, ओरडा की मोठ्याने.

असा आकडा कोणाला कामाचा असतो का? इंटरनॅशनल मिटिओर ऑर्गनायझेशन १९८८ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते आणि त्यांच्या आधारे वर्षावाचा आलेख काढते. चांदण्यातल्या नोंदींची तिथे पंचाईत होते. ४.५ प्रतीच्या आकाशात मोजलेल्या आकड्याला साडेसहाच्या आकाशावर न्यायला जवळजवळ सातने गुणावं लागतं, ३.५ च्या आकाशातल्याला साडेसतराने. गुणक मोठा झाला की आपली बारीकशी चूकही तितक्याच पटीने फुगते. आकाशाची प्रत अर्ध्याने चुकली तरी उत्तर दीडपटीच्या पुढे भरकटतं. त्यामुळे पौर्णिमेच्या नोंदीवरून झेडएचआर सांगायला जाऊ नये. ती नोंद तेजस्वी उल्कांसाठी धरावी: शून्य प्रतीच्या आणि त्याहून ठळक किती, कुठल्या वेळी. मिथुन वर्षावात बारीक कणांचा भर महत्तम काळाच्या आधी आणि मोठ्या कणांचा त्यानंतर असतो. पहिल्या रात्री मोजून दुसऱ्या रात्रीही तासभर बसलात तर एकूण संख्या घटलेली आणि ठळक उल्कांचं प्रमाण वाढलेलं सापडण्याची चांगली शक्यता असते, आणि हे चांदण्यातही कळतं, कारण ठळक उल्का चंद्र गाळत नाही.

कॅमेरा असेल तर चांदण्यात एकेक फोटो पाच-दहा सेकंदांचाच ठेवा, पण सलग काढत राहा. तीस सेकंद ठेवलात तर सगळं पांढरं होतं. काळोख्या रात्री न मिळणारी एक गोष्ट मात्र अशा फोटोत फुकट मिळते. समोरचा राजहंसगड, हिडकलचं पाणी, उसाचा फड, सगळं चंद्राच्या उजेडात स्पष्ट येतं, वेगळा दिवा टाकावा लागत नाही. रात्रभरात हजारो फोटो होतील आणि उल्का दोन-तीनच सापडतील. बॅटरी दोन न्या. थंडीत एक लवकर उतरते, आणि लेन्सवर दव बसतं ते पुसायला जुन्या धोतराचा तुकडा बरा.